जावा चिमणीचा धोक्याचा दर्जा कसा वाचायचा आणि कसा ठरवायचा

काळं डोकं, पांढरेशुभ्र गाल, जाडजूड लालगुलाबी चोच, राखाडी पाठ आणि पोटावर फिकट गुलाबी झाक. जावा चिमणी जगभर पिंजऱ्यांत पाळली जाते, त्यामुळे तिला धोका आहे हे सांगितलं तर पटकन विश्वास बसत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या यादीत, मात्र ती 'संकटग्रस्त' आहे. रेड लिस्ट पिंजरे मोजत नाही. ती विचारते एवढंच की इंडोनेशियातल्या जावा आणि बाली या मूळ घरी, मोकळ्या रानात, अंडी घालणारे पक्षी किती उरलेत आणि ते किती वेगाने कमी होतायत. पकडून विकण्याचा धंदा हेच या घसरणीचं मोठं कारण. म्हणजे पिंजऱ्यांतली गर्दी आणि रानातली ओस झाडं या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

दर्जा ठरवायची पुढे दिलेली पद्धत फक्त या एका पक्ष्यापुरती नाही. उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही चिमणीवजा पक्ष्याला ती तशीच लागू होते. उदाहरण जावा चिमणीचं घेतलंय, कारण दर्जा ठरवताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका तिच्याबाबतीत होतात.

आधी नाव पक्कं करा

'चिमणी' म्हटलं की तीन वेगळी कुळं समोर येतात. घरचिमणीचं पॅसरिडी कुळ, अमेरिका खंडातल्या चिमण्यांचं पॅसरेलिडी कुळ, आणि एस्ट्रिल्डिडी म्हणजे मुनियांचं कुळ. जावा चिमणी या तिसऱ्या कुळातली, म्हणजे खरं तर मुनियाच. लिनीअसने १७५८ मध्ये तिचं वर्णन केलं. तिच्या शास्त्रीय नावातल्या 'ओरिझिव्होरा'चा अर्थ भात खाणारी. तिची प्रजाती, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द, कुणी 'पॅड्डा' लिहितात, कुणी 'लोंकुरा'. जुने सर्वेक्षण अहवाल शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्म्या नोंदी हाताला लागणार नाहीत. इंडोनेशियात ती 'गेलातिक जावा' म्हणून ओळखली जाते. गावपातळीवरच्या नोंदींत हेच नाव सापडतं.

रानात ओळखताना गफलत होते ती युरेशियन ट्री स्पॅरोशी. तिचेही गाल पांढरे असतात आणि तीही छपरांच्या फटींत घरटं करते. लांबून, उलट्या उजेडात, नुसता पांढरा गाल बघून नोंद करू नका. ट्री स्पॅरोच्या गालावर काळा ठिपका असतो, डोकं तपकिरी असतं आणि चोच बारीक, गडद असते. चोच दिसली नसेल तर ती नोंद 'अनिश्चित' या रकान्यात टाका.

रेड लिस्टची नोंद वाचताना

नोंद उघडली की नुसता वर्ग (चढत्या धोक्याने 'असुरक्षित', 'संकटग्रस्त', 'अतिसंकटग्रस्त') बघून पान बंद करू नका. वर्गाच्या शेजारी निकषांची अक्षरं आणि आकडे असतात. खरी माहिती तिथे आहे. 'ए' निकष घसरणीचा, 'बी' आक्रसलेल्या प्रदेशाचा, 'सी' कमी आणि घटत्या संख्येचा, 'डी' अगदी तुटपुंज्या संख्येचा, तर 'ई' गणिती भाकिताचा. दोन पक्षी एकाच वर्गात असले तरी त्यांची दुखणी वेगळी असू शकतात. येमेनच्या सोकोत्रा द्वीपसमूहातली अब्द अल-कुरी चिमणी फक्त एका छोट्या बेटावर राहते. तिची संख्याच मुळात थोडी, म्हणून ती 'असुरक्षित'. मेक्सिकोतली सिएरा माद्रे चिमणी उंच झुपकेदार गवताच्या तुकड्यांत अडकली आहे आणि ती 'संकटग्रस्त' आहे. जावा चिमणीही 'संकटग्रस्त', पण तिचं मुख्य दुखणं पकडणं हे आहे. वर्ग एक म्हणून उपाय एक, असं नसतं.

मग तारीख बघा. मूल्यमापनाचं वर्ष वेगळं, प्रकाशनाचं वेगळं. दहा वर्षांहून जुनं मूल्यमापन कालबाह्य धरलं जातं. आधीचे वर्गही दिलेले असतात. वर्ग बदलला असेल तर का बदलला तेही वाचा. पक्ष्याची परिस्थिती खरोखर बदलली म्हणून, की आपली माहिती सुधारली म्हणून? दुसऱ्या कारणाने झालेल्या बदलावरून 'पक्षी वाढले' किंवा 'पक्षी घटले' असं लिहिणं सरळ चूक आहे.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. रेड लिस्ट, साइटिस आणि देशाचा कायदा या तीन वेगळ्या याद्या आहेत. रेड लिस्ट नामशेष होण्याचा धोका सांगते. साइटिस देशादेशांतल्या व्यापारावर नियंत्रण ठेवते. जावा चिमणी तिच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो, सरसकट बंदी नाही. देशातला कायदा काय गुन्हा ठरतो ते सांगतो. एका यादीतला वर्ग दुसऱ्या यादीचा पुरावा म्हणून देऊ नका.

कोणते पक्षी धरायचे, कोणते नाही

इथे चुकलात तर पुढचं सगळं गणित वाया जातं, म्हणून इथे घाई नको.

मोजायचे ते फक्त प्रौढ, प्रजननक्षम आणि मूळ प्रदेशातले मोकळे पक्षी. हवाई बेटांवर किंवा झांझिबारला माणसांनी नेऊन सोडलेल्या, आता तिथे रुळलेल्या जावा चिमण्या या हिशेबात येत नाहीत. तिथले थवे कितीही मोठे असोत. पाळीव पक्षी तर नाहीतच. संवर्धनासाठी मूळ प्रदेशात सोडलेले पक्षीसुद्धा, रानात त्यांची जगू शकणारी पिल्लं होईपर्यंत, प्रौढांत धरायचे नाहीत. सोडले ५०, लगेच नोंदवले ५०, हे कागदावरचं यश असतं.

पिल्लं वगळायची. कोवळ्या जावा चिमणीचा रंग मातकट तपकिरी असतो, गाल मळकट असतात आणि चोच काळपट, बुडाशी गुलाबी. थव्यात प्रत्येक पक्ष्याचं वय बघता येत नाही. अशा वेळी जे नीट दिसले त्यांच्यातलं प्रमाण काढा. ४० पैकी १० कोवळे असतील, तर २०० च्या थव्यात प्रौढ साधारण १५० धरा. असं प्रमाण काढायला किमान ४० ते ५० पक्षी तरी नीट दिसायला हवेत. आठ-दहा पक्ष्यांवरून काढलेलं प्रमाण पुढच्या फांदीवर बदलतं.

पळालेला पिंजऱ्यातला पक्षी ओळखायला चार खुणा बघा. पायात कडी, शेपटीची टोकं झिजलेली, नखं वाजवीपेक्षा लांब, आणि माणूस जवळ गेला तरी न उडणं. अंगावर पांढरे चट्टे किंवा अख्खं पांढरं अंग असेल तर तो पाळीव वाण. एकटी खूण पुरेशी नाही, कारण ढोलीत वावरणाऱ्या रानातल्या पक्ष्याची शेपटीही झिजते. दोन खुणा जुळल्या की 'बहुधा सुटलेला' म्हणून वेगळ्या रकान्यात टाका. खोडू मात्र नका. शहराजवळच्या ठिकाणी या रकान्यातला आकडा रानातल्या आकड्याइतकाच बोलका असतो.

मोजणी

जावा चिमणी प्रजननकाळात ढोलींत, इमारतींच्या फटींत, छपराखाली जोडीजोडीने असते. एरवी थव्याने फिरते आणि संध्याकाळी ठरलेल्या झाडांवर रातथाऱ्याला येते. म्हणून मोजणीच्या पद्धतीही दोन.

रातथाऱ्यावर सूर्यास्ताच्या एक तास आधी जागा धरा आणि पूर्ण अंधार होईपर्यंत हलू नका. दोघे लागतात, झाडाच्या दोन विरुद्ध बाजूंना. प्रत्येकाने आपापली अर्धी दिशा आधीच वाटून घ्यायची, नाहीतर मधून आलेला थवा दोनदा मोजला जातो. दर ५ मिनिटांनी आत आलेले आणि बाहेर गेलेले वेगवेगळे लिहा. शेवटी बेरीज करायची ती आत वजा बाहेर. पक्षी थेट येऊन झोपत नाहीत. एक घोळका येतो, फांदीवर टेकतो, काहीतरी बिनसतं आणि अख्खा घोळका उठून शेजारच्या झाडाला वळसा घालून परत येतो. 'बाहेर' हा रकाना नसेल तर त्या घोळक्याची मोजणी दोनदा झालीच म्हणून समजा. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत उजेड गेलेला असतो आणि तेव्हाच बरेच पक्षी येतात, म्हणून लवकर उठणाऱ्याचा आकडा नेहमी कमी भरतो.

मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, ते दहा डोळ्यांत किती जागा घेतात ते बघा, मग तेवढे गठ्ठे थव्यावरून सरकवत न्या. मोठ्या थव्यांत माणूस कमीच मोजतो. शक्य तिथे फोटो काढून नंतर एकेक ठिपका मोजा आणि तुमचा अंदाज किती चुकला याची वहीत नोंद ठेवा.

घरट्यांच्या ठिकाणी दोघांनी एकमेकांशी न बोलता, वेगवेगळ्या वेळी, वापरातल्या ढोली नकाशावर मांडायच्या. समजा पहिल्याला १८ सापडल्या, दुसऱ्याला १५, आणि दोघांनाही सापडलेल्या १२. तर अंदाज १८ गुणिले १५ भागिले १२, म्हणजे २२.५. नुसत्या यादीत २१ ढोली आल्या होत्या. दीड ढोल दोघांच्याही नजरेतून सुटली, असा याचा अर्थ. उंचावरच्या, पानाआडच्या ढोली दोघांनाही सारख्याच दिसत नसतील तर हा अंदाजसुद्धा कमीच असतो. दर वापरातल्या ढोलीमागे दोन प्रौढ धरा. या उदाहरणात ४५.

पक्षी दिसला नाही, याचीही नोंद करायची. पण एका फेरीवरून 'इथे नाही' म्हणता येत नाही. पक्षी असताना एका फेरीत तो दिसण्याची शक्यता निम्मी असेल, तर तीन फेऱ्यांनंतर तो नजरेतून निसटलेला असण्याची शक्यता साडेबारा टक्के उरते, पाच फेऱ्यांनंतर सुमारे तीन टक्के. दिसण्याची शक्यता फेरीला ३० टक्केच असेल तर पाच फेऱ्यांनंतरही सुमारे १७ टक्के शंका राहते. अशा जागी आठ फेऱ्या करा.

दरवर्षी तोच महिना, तीच वेळ, तीच जागा, शक्यतो तीच माणसं. भात कापणीच्या आधी एक वर्ष आणि कापणीनंतर पुढचं वर्ष असं मोजलं, तर थवे कुठे चरायला गेले ते कळेल, घसरण कळणार नाही.

घसरणीचं गणित

'ए' निकषासाठी कालावधी दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यातला जो मोठा तो. पिढीचा काळ काढायची सोपी रीत अशी: एक भागिले प्रौढांचा वार्षिक मृत्युदर, अधिक पहिल्या प्रजननाचं वय. समजा दरवर्षी ४० टक्के प्रौढ मरतात आणि पहिलं प्रजनन एका वर्षाच्या वयात होतं. १ भागिले ०.४ म्हणजे २.५, अधिक १, म्हणजे पिढी ३.५ वर्षांची. तीन पिढ्या साडेदहा वर्षं. दहापेक्षा जास्त, म्हणून साडेदहा घ्यायची.

आता समजा सगळ्या ठिकाणांची बेरीज सहा वर्षांपूर्वी ४२० होती आणि आज २७३ आहे. उरले ६५ टक्के. हीच घट साडेदहा वर्षांवर न्यायची तर ०.६५ चा (१०.५ भागिले ६) इतका घात काढा. उत्तर ०.४७. म्हणजे घसरण ५३ टक्के. ए२ खाली, म्हणजे घसरणीचं कारण अजून थांबलेलं नसतानाच्या उपनिकषाखाली, ३० टक्क्यांना 'असुरक्षित', ५० ला 'संकटग्रस्त', ८० ला 'अतिसंकटग्रस्त'. हा पक्षी 'संकटग्रस्त' ठरला.

आता तेच गणित २९० पक्षी धरून करा. घसरण ४८ टक्के येते आणि वर्ग 'असुरक्षित' होतो. अंधारात निसटलेला १७ पक्ष्यांचा एक घोळका वर्ग बदलतो. मोजणीच्या शिस्तीवर इतका आग्रह याचसाठी आहे. उत्तर देताना एकच आकडा न देता पट्टा द्या: किमान, सर्वांत संभाव्य, कमाल. तिन्हींनी गणित करा. वर्ग बदलत असेल तर ते स्पष्ट लिहा आणि सावध बाजू निवडा, पण भीतीपोटी सर्वांत वाईट आकडा उचलू नका.

हमखास होणारी चूक म्हणजे टक्केवाऱ्यांची सरासरी. एका ठिकाणी ४०० चे १८० झाले, म्हणजे ५५ टक्के घट. दुसरीकडे ३० चे २७, म्हणजे १० टक्के. सरासरी ३२.५ आणि वर्ग 'असुरक्षित'. हे चूक आहे. एकूण ४३० चे २०७ झाले, घट सुमारे ५२ टक्के. वर्ग 'संकटग्रस्त'. आधी पक्ष्यांची बेरीज, मग टक्केवारी.

ए१ आणि ए२ मधला फरकही लक्षात ठेवा. घसरणीचं कारण कळलेलं आहे, ते थांबलेलं आहे आणि उलटवता येण्यासारखं आहे, तिन्ही खरं असेल तरच ए१, ज्याचे उंबरठे वरचे आहेत: ५०, ७० आणि ९०. पक्षी पकडायची जाळी अजून लागतच असतील तर ए२.

नकाशा आणि बाकीचे निकष

सगळ्या खात्रीच्या नोंदी नकाशावर टाका. सर्वांत बाहेरच्या बिंदूंना जोडून, एकही कोपरा आत न वळवता, जो बहुभुज होतो त्याचं क्षेत्रफळ म्हणजे विस्तारक्षेत्र. मधला समुद्र कापून टाकायचा नाही. मग २ किलोमीटर बाजूच्या चौकटींची जाळी टाका आणि ज्या चौकटींत पक्षी आहे त्या मोजा. २३ चौकटी भरल्या तर व्याप्तीक्षेत्र ९२ चौरस किलोमीटर. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचं जिओकॅट हे मोफत संगणकीय साधन दोन्ही आकडे काढून देतं. त्यात बाहेर सोडलेल्या पक्ष्यांचे बिंदू आधी काढून टाका. हवाईचा एक बिंदू राहिला तर बहुभुज अर्ध्या प्रशांत महासागरावर पसरतो.

'संकटग्रस्त' साठी विस्तारक्षेत्र ५,००० किंवा व्याप्तीक्षेत्र ५०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी हवं. नुसतं क्षेत्रफळ पुरत नाही. तीनपैकी दोन अटी लागतात: तुकडे पडलेली वस्ती किंवा पाचपर्यंतच ठिकाणं, चालू असलेली घट, आणि टोकाचे चढउतार. 'ठिकाण' म्हणजे इथे गाव नव्हे. एकाच संकटाने ज्या टापूतले सगळे पक्षी झटक्यात सापडतील तो टापू म्हणजे एक ठिकाण. एकच टोळी ज्या तीन गावांत जाळी लावते ती तीन गावं मिळून एक ठिकाण ठरू शकतं.

'सी' निकष विखुरलेल्या पक्ष्यांसाठी महत्त्वाचा. प्रौढ २,५०० पेक्षा कमी, घट चालू, आणि कुठल्याच उपसमूहात २५० पेक्षा जास्त प्रौढ नाहीत, तर 'संकटग्रस्त'. घट किती टक्के हे इथे माहीत असावं लागत नाही, ती चालू आहे एवढं दाखवता आलं तरी चालतं. जुने आकडे नसलेल्या ठिकाणी हाच निकष हाती लागतो. 'डी' खाली नुसत्या संख्येवर वर्ग मिळतो: १,००० खाली 'असुरक्षित', २५० खाली 'संकटग्रस्त', ५० खाली 'अतिसंकटग्रस्त'.

सगळे निकष लावून बघायचे आणि जो सर्वांत वरचा वर्ग देईल तो धरायचा. 'माहिती अपुरी' हा शिक्का आळसाने मारू नका. त्याने पक्षी निधीच्या रांगेतून आणि लोकांच्या लक्षातून बाहेर पडतो. थोडी पण विश्वासाची माहिती असेल तर पट्टा द्या.

फक्त बालीपुरतं मूल्यमापन करत असाल तर आणखी एक पायरी. बाहेरून येऊन तिथे प्रजनन करणारे पक्षी आहेत का ते तपासा. असतील तर वर्ग सहसा एक पायरी खाली येतो. पिंजऱ्यातून सुटलेले पक्षी हा तो बाहेरचा पुरवठा नव्हे.

बाजाराची नोंद

पकडण्याचा दबाव दाखवायचा तर पक्षीबाजारात तारीख, दुकानांची संख्या, पक्ष्यांची संख्या, वय, रंगवाण आणि मागितलेली किंमत एवढंच लिहा. पांढरे आणि कबरे वेगळे मोजा, ते पैदाशीचे असतात. राखाडी पक्षी रानातला की पैदाशीचा हे नुसत्या रंगावरून ठरवता येत नाही, तेव्हा पायातली बंद कडी, फाटलेली पिसं, जाळीला धडकून सोललेलं कपाळ अशा खुणा लिहा. दया येऊन विकत घेऊ नका. रिकामा झालेला पिंजरा भरायला रानातूनच दुसरा पक्षी येतो.

घरट्यांची आणि रातथाऱ्यांची नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका. फोटोतली स्थाननोंद काढून टाका आणि सार्वजनिक नकाशावर जागा मुद्दाम ढोबळ ठेवा. अचूक आकडे बर्डलाइफ इंटरनॅशनलकडे पाठवा. पक्ष्यांच्या मूल्यमापनाची जबाबदारी रेड लिस्टने त्याच संस्थेकडे सोपवली आहे. सोबत मोजणीची पद्धत, फेऱ्यांची संख्या, शून्य आलेल्या जागा आणि वगळलेले पक्षी हेही द्या. नुसता अंतिम आकडा आला तर त्याचं काहीच करता येत नाही.

वर्ग वर चढवायला थांबावं लागत नाही, पुरावा आला की चढतो. खाली आणायचा तर वरच्या वर्गाचा एकही निकष पाच वर्षं सलग लागू नसायला हवा. म्हणून एखाद्या चांगल्या वर्षी रातथाऱ्यावर गर्दी दिसली तरी मोजणी थांबवू नका. पुढची पाच वर्षं त्याच महिन्यात, त्याच झाडाखाली, सूर्यास्ताच्या एक तास आधी पुन्हा उभं राहायचं आहे.